गावाच्या हातात तराजू देऊ नका



रातपाळी करून आलोय. भिवंडीच्या मागांचा खडखडाट अजून कानात आहे. झोपायला पाहिजे. पण गेल्या रविवारी शहापूरच्या बैठकीत जे झालं ते डोक्यातून जात नाही. लिहून टाकतो, मग झोपतो.

त्या बैठकीत आपल्यातलाच एक पोरगा उठला. वकिलीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मी दहावीनंतर मागावर उभा राहिलो, जे काय वाचलं ते पाळी सुटल्यावर वाचलं. त्याचं तसं नाही. तो शिकतोय, बोलतोय, जीव तोडून काम करतोय. तो म्हणाला, अमेरिकेत न्यायाधीश मतांनी निवडतात. तिथं गरिबाचा खटला फुकट लढवणारा सरकारी पगारी वकील निवडणुकीला उभा राहतो, निवडून येतो, आणि काल ज्या कोर्टात तो आरोपीच्या बाजूला उभा होता त्याच कोर्टात खुर्चीवर बसतो. मग आपल्याकडे का नाही? मागणी करा - तालुक्याचा न्यायाधीश जनतेच्या मताने! आपल्याकडे आपला वकील आहे. शहापुरातून उभा करू, नाहीतर मुरबाडातून उभा करू. निवडून आणू!

टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. जोरात वाजवल्या.

मग एसटीत बसलो. किन्हवली गेली, सरळगाव आलं, आणि त्या टाळ्या हाताला झोंबायला लागल्या. कारण मला माझ्या गावचा निवडून आलेला न्यायाधीश आठवला. त्याची गोष्ट पुढं सांगतो. आधी त्या पोराची बाजू मांडतो. कारण त्याचा राग खरा आहे, आणि आपल्या माणसाच्या रागाची टिंगल करायला हे काही प्रस्थापितांचं संमेलन नाही.

राग कशाचा आहे? खुर्चीवर कोण बसतं त्याचा. २०१८ ते २०२२ या वर्षांत देशातल्या उच्च न्यायालयांवर जे न्यायाधीश नेमले गेले त्यांत शंभरातले सुमारे ७९ उच्च जातींचे. अनुसूचित जातींचे तीनसुद्धा नाहीत. आदिवासी जेमतेम एक-दीड. हा आकडा कुठल्या कार्यकर्त्याने भिंतीवर लिहिलेला नाही, केंद्राच्या कायदा खात्याने संसदेच्या समितीला दिलेला आहे. न्यायाधीशच न्यायाधीश निवडतात. चुलता वरच्या कोर्टात, पुतण्या त्याच आवारात वकिली करतो. विधी आयोगाने २००९ सालच्या अहवालात या 'अंकल जज' प्रकाराबद्दल लिहून ठेवलंय. लिहून ठेवलंय, बस्स. खालच्या कोर्टांच्या भरतीत आरक्षण आहे, उच्च न्यायालयात नाही, सर्वोच्च न्यायालयात नाही.

आणि पिंजऱ्यात कोण उभं असतं? २०२२ च्या अखेरीला देशाच्या तुरुंगांत दर चार माणसांमागे तीन कच्चे कैदी होते. गुन्हा शाबित झालेला नाही, तरी आत. ते कुणाचे पोरगे असतात ते तुम्हाला सांगायला नको. कोर्टाच्या तारखेला कल्याणच्या आवारात जाऊन बसा. बेडीतल्या पोरांकडं बघत दाराशी बसलेल्या बाया बघा. डोईवरच्या पदरावरून, पायातल्या चपलेवरून कळतं, कुठल्या वाडीवरून आल्या, कुठल्या पाड्यावरून आल्या.

त्यातली एक माझी चुलती होती. शेतावरची पाण्याची मोटार चोरीला गेली म्हणून माझ्या चुलतभावाला उचलला. अकरा महिने आत. जामीन मिळाला, पण जामीनदार कोण? सातबारा कुणाकडं आहे आमच्यात? तो खटला ज्या वकिलाने लढवला तोच हा 'आपला वकील'. लोकअभिरक्षक. हा शब्द नवा आहे, नीट समजून घ्या. राज्यघटनेत कलम ३९ अ आलं ते १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने - गरिबीमुळे कुणाचा न्याय अडू नये. १९७९ साली बिहारच्या तुरुंगांत वर्षानुवर्षं सडणाऱ्या कच्च्या कैद्यांच्या हुसैनारा खातून खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की गरीब आरोपीला फुकट वकील हा त्याचा हक्क आहे. १९८७ साली विधी सेवा प्राधिकरणाचा कायदा झाला, तो लागू व्हायला १९९५ उजाडलं. आणि २०२२ च्या योजनेने जिल्ह्याजिल्ह्यात लोकअभिरक्षकांची कार्यालयं निघायला लागली. पूर्णवेळ वकील, काम एकच : ज्याला वकील परवडत नाही त्या आरोपीचा बचाव. खासगी वकिली बंद. नेमणूक कराराची, आधी दोन वर्षांची. म्हणजे तो ठेक्यावर आणि मीही ठेक्यावर!

त्या माणसाने माझ्या भावाच्या खटल्यात काय केलं? काही जादू केली नाही. पंचनामा वाचला. पंचनाम्यावरचे दोन्ही पंच ज्याची मोटार गेली त्याच्याच शेतावरचे गडी निघाले. उलटतपासणीत एकाने कबूल केलं की सही घरी बसून केली, मोटार कुठं सापडली ते त्याने बघितलंच नव्हतं. भाऊ सुटला. पंच! हा शब्द लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

बैठकीत एकाने कुरकूर केली होती - हा वकील तर 'त्यांच्या' आरोपींच्याही केसेस घेतो. घेतो. कोठडीत असलेल्या कुठल्याही माणसाला जात न विचारता फुकट वकील देणारा कायदा आहे. आपल्या माणसाला काठीने मारणारा कोठडीत गेला आणि त्याने मागितला, तर त्यालाही मिळणार. मला ते गोड लागत नाही. पण माझा भाऊ ज्या दाराने बाहेर आला ते दार एकट्या माझ्या भावासाठी बांधलेलं नव्हतं. जात बघून उघडायचं तर ते दार आधी कुणासाठी बंद होईल? उत्तर आपल्याला दोन हजार वर्षांपासून पाठ आहे.

तर असा माणूस न्यायाधीश व्हावा का? हजारदा व्हावा! ज्याने बेडीच्या बाजूने कोर्ट बघितलंय तो खुर्चीवर बसला पाहिजे. आमच्या मुरबाडच्या सिद्धगडावर २ जानेवारी १९४३ ला इंग्रजांच्या गोळीने मेलेला भाई कोतवाल वकीलच होता. माथेरानच्या न्हाव्याचा पोरगा. सावकाराच्या हिशोबातून कूळ सोडवता सोडवता तो लढाईत गेला. अशा वकिलाने न्याय देऊ नये असं म्हणणारा मी कोण?

माझं भांडण खुर्चीशी नाही. शिडीशी आहे. मताच्या शिडीने चढवायचं म्हणता, म्हणून हे लिहितोय.

आता अमेरिका. पोरगा खोटं बोलला नाही. तिथं १९६३ साली गिडियन नावाच्या एका फाटक्या माणसाने तुरुंगातून पेन्सिलीने अर्ज लिहिला, आणि गरीब आरोपीला वकील देणं राज्यांवर बंधनकारक झालं. तिथल्या बहुतेक राज्यांत कुठल्या ना कुठल्या पातळीवर न्यायाधीश मताला सामोरे जातात. सान फ्रान्सिस्कोत २०१८ साली चार लोकअभिरक्षक चार बसलेल्या न्यायाधीशांच्या विरोधात उभे राहिले. चारही पडले. २०२० साली त्यांतली एक बाई पुन्हा उभी राहिली आणि निवडून आली. शाबास म्हणतो मी तिला.

पण त्याच कॅलिफोर्नियाची दुसरी गोष्ट पोराने सांगितली नाही. क्रूझ रेनोसो नावाचा माणूस. मेक्सिकन शेतमजुराचा पोरगा, अकरा भावंडांतला एक, लहानपणी स्वतः शेतात राबलेला. वकील झाला, खेड्यापाड्यातल्या शेतमजुरांना फुकट वकील देणाऱ्या संस्थेचा प्रमुख झाला. पुढं कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयावर गेला. त्याच्या समाजाचा पहिला माणूस. कसा गेला? नेमणुकीने. आणि १९८६ साली कसा उतरला? मताने! फाशीच्या शिक्षा उचलून धरत नाहीत म्हणून सरन्यायाधीश रोझ बर्ड आणि तिच्या दोन सोबत्यांविरुद्ध मोहीम चालली. पैसा ओतला गेला. मतदारांनी तिघांनाही घरी पाठवलं, त्यात रेनोसो होता. पेन्सिल्व्हेनिया राज्यातल्या शिक्षांचा अभ्यास झालाय, त्यात दिसलं की निवडणूक जवळ आली की न्यायाधीश जास्त कडक शिक्षा द्यायला लागतात. कुणाला? ज्यांच्या शिक्षेवर मतं मिळतात त्यांना. तिथं काळ्यांना. इथं कुणाला ते तुम्हीच सांगा.

मग पोरगा म्हणेल, मेक्सिको बघ. बघतो. १ जून २०२५ ला मेक्सिकोने न्यायाधीश मतांनी निवडले, अगदी सर्वोच्च न्यायालयापर्यंत. आणि पहिला कोण आला? उगो आगिलार. मिश्तेक आदिवासी, वाहाका प्रांतातला, आदिवासींच्या हक्कांचा वकील. १ सप्टेंबर २०२५ पासून तो तिथल्या सर्वोच्च न्यायालयाचा अध्यक्ष झाला. ही बातमी वाचली तेव्हा माझ्याही छातीत काहीतरी हाललं. पण मतदान किती झालं? शंभरात तेरा. आणि मतदारांच्या हातात चिठ्ठ्या वाटलेल्या, कुठले नंबर लिहायचे त्याच्या. चिठ्ठी कोण वाटतं ते आपल्याला चांगलं ठाऊक आहे. ज्याने चिठ्ठी वाटून आपला माणूस बसवला, तो उद्या दुसरी चिठ्ठी वाटून दुसरा बसवील.

आता घरी या. शहापूर-मुरबाडात या.

मोजायला लागा. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात अनुसूचित जाती शंभरात बारासुद्धा नाहीत. आपल्या गावांत तर बौद्धवाडी म्हणजे कुठं दहा घरं, कुठं पंचवीस. 'आदिवासी आपल्या बाजूने आहेत' असं त्या दिवशी कुणीतरी ओरडलं. कातकरी दिवाळीनंतर पाड्यावर असतो का? पाडा ओस असतो. तो उचल घेऊन वीटभट्टीवर गेलेला असतो, बायकापोरांसकट, पावसापर्यंत. त्याला मतदानाला आणायचं तर ट्रक लागतो. ट्रक कुणाचा? भट्टीमालकाचा! वेठबिगारी मोडणारा कायदा १९७६ चा आहे. त्या कायद्याखालचा खटला अशा न्यायाधीशापुढं चालवायचा, ज्याचे मतदार मालकाने ट्रकमधून आणले? भाताच्या बांधावरून, विहिरीच्या काठावरून, मिरवणुकीच्या रस्त्यावरून आपलं भांडण कुणाशी असतं? ज्यांची मतं जास्त त्यांच्याशी. म्हणजे आरोपीच्या भावकीने न्यायाधीश निवडायचा, आणि फिर्यादीने त्याच्यापुढं हात जोडून उभं राहायचं. याला जनतेचा न्याय म्हणायचं?

आता माझ्या गावची गोष्ट.

२००७ च्या १५ ऑगस्टपासून आपल्या सरकारने तंटामुक्त गाव मोहीम काढली. महात्मा गांधींच्या नावाने. प्रत्येक गावात समिती, समितीचा अध्यक्ष ग्रामसभेने निवडायचा, गावातले तंटे गावात मिटवायचे. ज्या गावाने तंटे मिटवले त्या गावाला सरकारी बक्षीस. आमच्या गावातही अध्यक्ष निवडला. हात वर करून, बिनविरोध. आमच्या वाडीचेही हात वर होते. माझ्या बाचाही होता. कारण बा त्याच माणसाच्या खाचरात लावणीला जायचा.

२०१३ ची भीमजयंती. मी नववीत होतो. वाडीने ठरवलं, यंदा मिरवणूक मधल्या आळीतून काढायची. दरवर्षी ओढ्याकडून मागल्या वाटेने न्यायचो. रस्ता ग्रामपंचायतीचा, पंचायत सगळ्यांची, बाबासाहेब सगळ्यांचे - असं बा म्हणाला. मधल्या आळीत दिवे गेले. काठ्या पडल्या. बाचा उजवा हात कोपराखाली मोडला.

ठाण्यात गेलो. 'आधी गावात बसा' म्हणून परत पाठवलं. मग गाव बसलं. देवळाच्या ओट्यावर अध्यक्ष, आजूबाजूला समिती, आम्ही खाली पायरीवर. ज्यांनी काठ्या चालवल्या त्यांतला एक अध्यक्षाच्या शेजारी बसलेला. अध्यक्ष बाला म्हणाला, "अरे, तुलाबी गावात राहायचंय ना?" एवढंच. शिवी नाही, दमदाटी नाही. त्या एका वाक्यात लावणी होती, गवताचा भारा होता, सोसायटीचं कर्ज होतं, माझ्या बहिणीची शाळेची वाट होती.

कागद लिहायचा होता. माझं अक्षर वळणदार. अध्यक्षानेच मला वर बोलावलं, हातात पेन दिला. त्याने सांगितलं, मी लिहिलं. 'गैरसमजातून झालेला वाद आपसात मिटला असून आमची कोणाविरुद्ध तक्रार नाही.' गैरसमजातून! हा शब्द मी स्वतःच्या हाताने, शुद्धलेखन न चुकवता लिहिला. बाला सही येत होती. रात्रीच्या वर्गाला जाऊन शिकला होता, त्याला तिचा अभिमान होता. पण उजवा हात गळ्यात बांधलेला. म्हणून त्याने डावा अंगठा दिला. खाली साक्षीदार म्हणून माझी सही.

जातीवरून केलेला हल्ला हा असा ओट्यावर मिटवायचा तंटाच नव्हे, हे मला तेव्हा कुणी सांगितलं नाही. अॅट्रॉसिटीचा कायदा १९८९ पासून आहे, हे मला पुढं मागावर काम करताना एका फाटक्या पुस्तिकेत सापडलं. तोपर्यंत गावाच्या कमानीवर 'तंटामुक्त गाव' लिहून झालं होतं.

दोस्तांनो, मतांनी निवडलेला न्यायाधीश मी बघितलाय. त्याच्या निवडीत माझ्या बाचा हात वर होता आणि त्याच्या निकालाखाली माझी सही आहे. म्हणून त्या टाळ्या मला झोंबल्या.

बाबासाहेबांनी हे आपल्याआधी बघितलं होतं. १९३२ च्या ऑक्टोबरात, पुणे करार होऊन पुरते दोन आठवडे होतात न होतात तोच, मुंबईच्या कायदे कौन्सिलात ग्रामपंचायतीचं बिल आलं. गावच्या पंचांना न्यायदानाचे अधिकार द्यायचं त्यात होतं. बाबासाहेब उठले आणि विरोध केला. जातीच्या भिंतींनी कापलेल्या गावात, गावानेच निवडलेले पंच अस्पृश्याला न्याय देतील हे त्यांना मान्य नव्हतं. आणि ४ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत गावाच्या गोडगोड चित्रावर त्यांनी जे सुनावलं ते तुम्हाला पाठ आहे. पाठ आहे, पण कळलंय का? १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्याने न्यायपंचायती आणल्याच होत्या. राज्याने त्या पुढं बंद केल्या. आणि आपण, बाबासाहेबांची पोरं, तेच बिल अमेरिकेच्या कागदात गुंडाळून परत मागायचं?

कुणी म्हणेल, हा लोकशाहीला भितो. महाड घ्या. चवदार तळं खुलं करण्याचा ठराव महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली केला. मतांच्या संस्थेने केला. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब आपल्या माणसांना घेऊन तळ्यावर गेले, पाणी प्यायले. आणि ४ ऑगस्ट १९२७ ला त्याच नगरपालिकेने तो ठराव मागे घेतला! मतं ओरडली, ठराव पळाला. मग कोर्ट. कोर्टानेही आधी डिसेंबरात मनाईहुकूमच दिला, ते विसरू नका. पण ठराव उलटवणाऱ्यांना कोर्टात पुरावा द्यावा लागला की तळं आपल्यापुरतं होतं. तो त्यांना देता आला नाही. १७ मार्च १९३७ ला उच्च न्यायालयाने निकाल दिला. दहा वर्षं लागली. उशिराचा न्याय होता, सडका उशीर होता. पण महाडात मतदान घेऊन ते पाणी आजवर मिळालं नसतं.

मत राज्यकर्ता निवडायला असतं. निवडून आलेला माजला तर त्याला अडवणारी जागा तरी मतावर टांगलेली नको. आपले हक्क घटनेत लिहिले ते गावाने रोज उठून त्यावर हात वर-खाली करू नयेत म्हणूनच.

म्हणजे आहे ते बरं आहे? अजिबात नाही! खैरलांजी विसरलात? २००६ साली एका घरातली चार माणसं गावाने मारली. २००८ ला भंडाऱ्याच्या कोर्टाने आरोपींना शिक्षा दिल्या, पण अॅट्रॉसिटीचा कायदा लावला नाही. अख्ख्या गावाला जे दिसलं ते कोर्टाला दिसलं नाही. खर्डा विसरलात? २८ एप्रिल २०१४, नितीन आगे, सतरा वर्षांचं पोर. २०१७ साली सगळे आरोपी सुटले, कारण साक्षीदार एकामागून एक फितूर झाले. का झाले? त्यांनाही गावात राहायचं होतं. तेच माझ्या बाला विचारलेलं वाक्य! बंद कोर्टातल्या साक्षीदाराला जे गाव वाकवतं, ते गाव मतावर बसलेल्या न्यायाधीशाला किती दिवस ताठ ठेवील?

आणि खुर्चीवर आपला माणूस बसला की संपलं असंही समजू नका. १४ मे २०२५ ला भूषण गवई सरन्यायाधीश झाले. त्या जागेवरचे दुसरे दलित, पहिले बौद्ध. आपल्या वस्त्यांत पेढे वाटले. ६ ऑक्टोबर २०२५ ला त्यांच्याच कोर्टात एका वकिलाने त्यांच्या दिशेने बूट फेकायचा प्रयत्न केला. देशाच्या सर्वात उंच खुर्चीपर्यंत बूट जातो, तर मुरबाडच्या निवडणुकीत उतरलेल्या आपल्या वकिलाचं काय होईल?

मग करायचं काय? घोषणा मोठी आहे म्हणून काम मोठं होत नाही. मी चार साधी कामं सांगतो.

एक. परीक्षा. तालुक्याच्या कोर्टातला न्यायाधीश लोकसेवा आयोगाच्या परीक्षेतून येतो, तिथं आपल्या राखीव जागा आहेत. २० मे २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने आधी तीन वर्षं वकिली सक्तीची झाली. आपल्या पोरांना ही तीन वर्षं जड आहेत. घरी पैसा नाही, सीनियर पगार देत नाही. मग जयंतीच्या डीजेचे पैसे कमी करा आणि दोन पोरांची ती तीन वर्षं उचला. दरवर्षी दोन. बैठकीत बोलला त्या पोरापासून सुरू करा. त्याला मत देऊ नका, पुस्तकं द्या, खोलीचं भाडं द्या.

दोन. ग्राम न्यायालय. २००८ चा कायदा आहे, २ ऑक्टोबर २००९ पासून लागू. न्यायाधिकारी शिकलेला, परीक्षेच्या लायकीचा, उच्च न्यायालयाशी सल्लामसलत करून नेमलेला. गाडी घेऊन गावोगाव फिरणारा. कायद्यातच लिहिलंय की नेमणुकीत अनुसूचित जाती, जमाती, बायका यांना प्रतिनिधित्व द्यायचं. किमान वेतनाचे, वेठबिगारीचे, नागरी हक्क संरक्षणाच्या १९५५ च्या कायद्याचे खटले त्याच्यापुढं चालतात. न्याय गावात आणायचा तर तो असा आणा - गावाच्या ओट्यावर बसून, पण गावाच्या दाव्याला न बांधलेला. आपल्या तालुक्यांबद्दल सरकारने काय केलं ते माहितीच्या अधिकारात लेखी मागा. उत्तर हातात घेऊन मोर्चा काढा.

तीन. उच्च न्यायालयांतही आरक्षण, आणि नेमणुकीची दारं उघडी. लोकअभिरक्षकांना ठेक्यावर नको, कायम करा. त्यांच्यातून वर जायची वाट करा. ही मागणी आमदार-खासदाराच्या दारात, मतं मागायला येईल तेव्हा. मताचा वापर तिथं!

चार. आणि हे उद्यापासून. साक्षीदाराबरोबर जा. अॅट्रॉसिटीच्या १९९५ च्या नियमांत अकरावा नियम आहे : पीडिताला आणि साक्षीदाराला कोर्टात यायचा प्रवासखर्च आणि भत्ता सरकारने द्यायचा. किती जणांनी आजवर मागितला? कलम १५ अ २०१६ पासून लागू आहे, त्यात साक्षीदाराच्या संरक्षणाची जबाबदारी सरकारवर टाकलीय. किती जणांनी अर्ज केला? आपण न्यायाधीश निवडायला निघालो, आणि आपली म्हातारी साक्षीदार एकटी एसटीने कल्याणला जाते. तिच्या बाजूच्या सीटवर आरोपीचा चुलतभाऊ बसतो. सरळगावपासून कल्याणपर्यंत तो तिला काय सांगत असेल?

आणि शेवटचं. ओट्यावर बसून कुणी कागद लिहायला सांगितला, आणि तुमचं अक्षर चांगलं असलं, तर पेन खाली ठेवा. मी ठेवला नाही. ती सही मला रोज दिसते. ताण्याचा धागा तुटला की मी माग थांबवून गाठ मारतो. त्या कागदाला गाठ मारता येत नाही.

मित्रा, तुझ्यावर राग नाही. तुझं भाषण चांगलं होतं. पण मी माझ्या टाळ्या परत घेतोय.

पुढच्या मंगळवारी आपल्या एका वाडीच्या खटल्याची कल्याणला तारीख आहे. दोन साक्षी आहेत, दोघी बाया. सकाळी सातला मुरबाड एसटी स्टँडवर त्या येणार. मी रातपाळीचा खाडा करून येतोय, खाड्याचे पैसे कापले जातील, जाऊ देत. रविवारी बैठकीत बेचाळीस जण होते, मी मोजले होते. मंगळवारी स्टँडवर परत मोजीन.

जय भीम!